हिरव्या पाठीचा काँडोर

२० ऑगस्ट १९४० रोजी आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्यातल्या ब्रँडन डोंगराच्या कड्यावर चार इंजिनांचं एक जर्मन विमान येऊन आदळलं. आतली सहाही माणसं वाचली. तटस्थ आयर्लंडनं त्यांना नजरकैदेत ठेवलं आणि विमानाचे अवशेष डोंगरावरच राहिले. या विमानाच्या अंगावर चार चिन्हं रंगवलेली होती: क्रुसाच्या एका बाजूला ‘एफ ८’ आणि दुसऱ्या बाजूला ‘के एच’. जर्मन हवाई दलाची पद्धत ज्याला ठाऊक आहे, त्याला एवढ्यावरून बरंच कळतं. ‘एफ ८’ म्हणजे चाळीस क्रमांकाचं बॉम्बर दल, म्हणजेच केजी ४०. शेवटचा ‘एच’ म्हणजे त्या दलाची पहिली तुकडी. मधला ‘के’ हे त्या तुकडीतल्या या एका विमानाचं स्वतःचं अक्षर. विमान होतं फोक-वुल्फ एफडब्ल्यू २००, म्हणजे काँडोर. महासागरावर शेकडो मैल आत जाऊन जहाजं हेरणारं आणि बुडवणारं.

युद्धातल्या विमानाच्या रंगाला दोन कामं असतात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध असतात. शत्रूला विमान दिसू नये म्हणून रंग द्यायचा, आणि आपल्या माणसांना ते ओळखू यावं म्हणून त्याच रंगावर ठळक खुणा काढायच्या. काँडोरचं अंग नीट पाहिलं, तर या ओढाताणीचा निकाल प्रत्येक भागावर वेगळा लागलेला दिसतो. कुठला भाग कोण पाहणार आणि कुठून पाहणार, यावर तो ठरलेला आहे. शेपटीवर आणखी एक तिसरी गोष्ट दिसते: पराक्रमाचा हिशेब. हा हिशेब मात्र डोळे झाकून मान्य करण्यासारखा नाही.

चंदेरी प्रवासी विमान

काँडोर जन्माला आला तो प्रवासी विमान म्हणून. ब्रेमेनच्या फोक-वुल्फ कारखान्यात कुर्ट टांक यांच्या हाताखाली त्याची रचना झाली आणि १९३७ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. लुफ्तहान्साला २६ प्रवासी लांब पल्ल्यावर नेणारं विमान हवं होतं. पंखांचा पसारा जवळजवळ ३३ मीटर, अंग सडपातळ, धातूचा चकचकीत पत्रा. ऑगस्ट १९३८ मध्ये ‘ब्रांडेनबुर्ग’ नावाचा काँडोर बर्लिनहून निघाला आणि कुठेही न थांबता सुमारे २५ तासांत न्यूयॉर्कला उतरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तोच काँडोर बसरा, कराची आणि हनोई असे मुक्काम घेत टोकियोला पोचला. या प्रवासांचा हेतू जाहिरातीचा होता. चंदेरी अंगावरची ठसठशीत नोंदणी-अक्षरं सगळ्या जगानं वाचावीत, यासाठीच होती.

टोकियोच्या त्या भेटीतूनच पुढची गोष्ट घडली. जपानी आरमाराला समुद्रावर लांबवर टेहळणी करू शकेल असा काँडोर हवा होता. जपानसाठी काम सुरू झालं, आणि युद्ध पेटल्यावर जर्मन हवाई दलाच्या लक्षात आलं की असं विमान आपल्याकडेच नाही. एडगार पेटरसन या अधिकाऱ्यानं काँडोर हाताशी घेऊन समुद्री दल उभं करण्याचा पुरस्कार केला, आणि त्यातून केजी ४० उभं राहिलं. पोटाखाली तोफ आणि बॉम्बसाठी लांबट पेटी आली, पाठीवर मशीनगन बसल्या, आत जादा टाक्या आल्या. पण सांगाडा प्रवासी विमानाचाच होता. या जादा ओझ्यानं अनेक काँडोरांची पाठ उतरताना पंखांच्या मागे मोडली. बंदिस्त आणि बळकट युद्धयंत्र म्हणून हे विमान कधी घडलंच नव्हतं. म्हणूनच लपणं ही त्याची गरज होती.

दोन हिरवे, एक निळा

जर्मन विमानांचे रंग विमान मंत्रालय ठरवत असे आणि प्रत्येक रंगाला क्रमांक असे. जमिनीवरून लढणाऱ्या बॉम्बर विमानांच्या पाठीवर ७० आणि ७१ हे दोन गडद हिरवे असत. समुद्रावर उडणाऱ्यांसाठी ७२ आणि ७३ ही वेगळी जोडी होती, आणि काँडोरला सर्वसाधारणपणे हीच जोडी मिळाली. दोन्ही रंग हिरवेच, पण त्यांत काळपट, निळसर झाक आहे. उत्तर अटलांटिकच्या पाण्याशी ते जुळतात, उन्हाळ्यातल्या शेताशी जुळत नाहीत. पोटाखाली ६५ क्रमांकाचा फिका निळा.

हे दोन हिरवे सरळ कडांच्या, कोनदार तुकड्यांत लावलेले असत. काच फुटून तिचे तुकडे पसरावेत तसा हा नमुना दिसतो. हेतू असा की पाहणाऱ्याच्या डोळ्यानं विमानाच्या आकाराची कड धरू नये. पंखाची रेषा संपण्याआधीच रंगाची रेषा भलतीकडे वळते आणि नजर फसते. गंमत म्हणजे ७२ आणि ७३ यांच्यातला फरक इतका थोडा आहे की काही अंतरावरून हे तुकडे वेगळे दिसतच नाहीत. विमान एकसारखं गडद दिसतं. समुद्रावर ते पुरेसं होतं. पाण्यावर झाडं, शेतं, रस्ते नसतात, त्यामुळे जमिनीवरच्या ठिपक्यांशी मिळतंजुळतं होण्याची गरज नव्हती. वरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत खालच्या काळपट पाण्यात विरघळून जाणं, एवढंच काम होतं.

पाठ गडद आणि पोट फिकं, ही रचना निसर्गानं फार आधी केलेली आहे. आपल्या बाजारातला बांगडा पाहा. पाठ निळसर हिरवी, तिच्यावर गडद रेघा, आणि पोट चंदेरी. उजेड वरून येतो, त्यामुळे वरचा भाग उजळ आणि खालचा सावलीत जातो. पाठ गडद आणि पोट फिकं असेल, तर ही उजेड-सावलीची विषमता कमी होते आणि वस्तूचा गोलवा दिसेनासा होतो. अमेरिकन चित्रकार ॲबट थेयर यांनी १८९६ मध्ये हा नियम प्राण्यांच्या रंगांबद्दल मांडला. पुढे जगभरच्या लष्करी रंगसंगतीत हे तत्त्व शिरलं.

कोण पाहतं, कुठून पाहतं

काँडोरला तीन ठिकाणांहून नजर लागत असे. पहिली, वर उडणाऱ्या शत्रूच्या लढाऊ विमानाची. तिच्यासाठी हिरवी पाठ होती. दुसरी, बोर्दो-मेरिन्याकच्या तळावर उभं असताना वरून जाणाऱ्या ब्रिटिश विमानांची. ३३ मीटर पंखांचं चंदेरी विमान तिथं आरशासारखं लखलखलं असतं, त्यामुळे हिरवा रंग इथेही उपयोगाचा होता. तिसरी नजर जहाजावरच्या टेहळ्याची. आणि इथे रंगाची पंचाईत होते.

काँडोरची आवडती पद्धत होती ती खूप खाली उतरून, जहाजाच्या मागून किंवा बाजूनं येण्याची. शेवटच्या टप्प्यात विमान पाण्यापासून जेमतेम ५० मीटरवर येई आणि बॉम्ब अक्षरशः जहाजावर नेऊन टाकी. एवढ्या खालून येणारं विमान डेकवरच्या माणसाला वरून किंवा खालून दिसत नाही, तर क्षितिजाच्या रेषेवर, ढगाळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर समोरून आणि बाजूनं दिसतं. काँडोरच्या धडाच्या बाजूंवरही हिरवाच रंग बऱ्याच खालपर्यंत उतरलेला होता. म्हणजे फिक्या आकाशावर गडद आकृती. पोटाखालच्या निळ्या रंगाचाही फार उपयोग नव्हता, कारण सावलीत गेलेला फिका रंगही उजळ आकाशासमोर काळाच दिसतो. या क्षणी वैमानिकाला खरी मदत होती ती ढगांची, सूर्य पाठीशी ठेवून येण्याची आणि १९४० मध्ये व्यापारी जहाजांवर विमानविरोधी तोफा जवळजवळ नसण्याची.

हाच प्रश्न ब्रिटिशांनी उलट्या बाजूनं सोडवला. त्यांच्या कोस्टल कमांडकडे बॉम्बर कमांडकडून आलेली व्हिटली आणि वेलिंग्टन विमानं होती आणि रात्रीच्या बॉम्बफेकीसाठी त्यांचं पोट काळं रंगवलेलं होतं. पाणबुडीवरचा माणूस ही विमानं दुरूनच हेरत असे आणि पाणबुडी बुडी मारून मोकळी होत असे. शास्त्रज्ञांच्या गटानं चाचण्या घेतल्या तेव्हा दिसलं की पांढरं विमान काळ्या विमानापेक्षा सरासरी २० टक्के अधिक जवळ येईपर्यंत दिसत नाही. उत्तर अटलांटिकचं आकाश बहुतेक वेळा ढगाळ आणि पांढुरकं असतं, हे त्यामागचं साधं कारण. १९४१ पासून कोस्टल कमांडच्या विमानांची पोटं आणि बाजू पांढऱ्या होऊ लागल्या.

जर्मनांनी आपल्या काँडोरांच्या बाजू हिरव्याच ठेवल्या. यात त्यांचा ढिसाळपणा पाहणं अन्यायाचं होईल. ब्रिटिश विमानाला त्या पाण्यावर शत्रूच्या लढाऊ विमानाची भीती कमी होती. त्याला चिंता होती ती खालून पाहणाऱ्या पाणबुडीची. काँडोरला मात्र वरून येणाऱ्या नजरेची भीती वाढत चालली होती. ३ ऑगस्ट १९४१ रोजी ‘मॅपलिन’ या जहाजावरून कॅटापुल्टनं उडवलेल्या हरिकेन विमानातून लेफ्टनंट एव्हरेट यांनी एक काँडोर पाडला. त्या हरिकेनला परत उतरायला जागाच नव्हती. वैमानिकानं समुद्रात उतरायचं आणि कुणीतरी उचलून घेईल अशी आशा ठेवायची, अशी ती योजना होती. त्यानंतर ‘ऑडॅसिटी’ ही छोटी विमानवाहू नौका आली. ही नौका मुळात जर्मनांकडून पकडलेलं ‘हानोफर’ जहाज. तिच्यावरच्या मार्टलेट विमानांनी अनेक काँडोर पाडले. वैमानिक एरिक ब्राउन यांनी दोन काँडोर पाडले ते सरळ समोरून, वैमानिकाच्या खोलीवर मारा करून. समोरून येणाऱ्याला हिरवी पाठ दिसतच नाही.

अक्षरांची भाषा

आता रंगावर काढलेल्या खुणा. पंखांच्या वर आणि खाली, आणि धडाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या कडांचा काळा क्रूस. शेपटीच्या उभ्या पंखावर नाझींचं तिरकं स्वस्तिक. या खुणा आंतरराष्ट्रीय युद्धनियमांनुसारही गरजेच्या होत्या आणि आपल्याच तोफांनी आपलं विमान पाडू नये यासाठीही.

धडावरच्या क्रुसाभोवतीची चार चिन्हं मात्र घरातल्या माणसांसाठी होती. डावीकडची दोन दलाची. उजवीकडच्या दोघांपैकी शेवटचं अक्षर तुकडीचं. केजी ४० च्या पहिल्या गटात ‘एच’ म्हणजे पहिली तुकडी, ‘के’ दुसरी, ‘एल’ तिसरी. गटाच्या मुख्यालयाला ‘बी’. त्याआधीचं अक्षर त्या एकट्या विमानाचं, आणि त्याचा रंगही बोलतो. पहिल्या तुकडीचं अक्षर पांढरं, दुसरीचं लाल, तिसरीचं पिवळं, गटमुख्यालयाचं हिरवं. म्हणजे दुरून शेवटचं अक्षर वाचता आलं नाही, तरी रंगावरून तुकडी कळावी अशी सोय. ब्रँडन डोंगरावरच्या विमानातला ‘के’ म्हणूनच पांढरा.

नाकाजवळ दलाचं बोधचिन्ह होतं: पृथ्वीचा गोल आणि त्याभोवती कडं. ज्या दलाची विमानं बोर्दोहून निघून आयर्लंडच्या पश्चिमेला वळसा घालत नॉर्वेच्या किनाऱ्यावर उतरत आणि मग पुन्हा तोच वळसा घालून परतत, त्या दलाचा अभिमान या चिन्हात आहे. चौदा-चौदा तास हवेत राहणाऱ्या माणसांना आपण कुणाचे आहोत हे सांगणारी खूण लागत असणार, हे समजण्यासारखं आहे. तिचा शत्रूपासून लपण्याशी काही संबंध नव्हता.

युद्ध पुढे सरकलं तशा या खुणा आक्रसत गेल्या. १९४३ नंतर अनेक जर्मन बॉम्बर पथकांत दलाची दोन चिन्हं अगदी लहान करण्यात आली. पंखांवरचे क्रूसही पुष्कळदा नुसत्या कडांपुरते उरले. हवेतला वरचष्मा गेल्यावर ओळख मिरवण्यापेक्षा लपणं महत्त्वाचं झालं, आणि रंग विरुद्ध खूण या जुन्या भांडणात रंगाची बाजू वर गेली. त्याच सुमारास काँडोरांच्या नाकावर होएनट्वील रडारच्या अँटेना शिंगांसारख्या उगवल्या. आता डोळ्यांनी पाहणं हाच शोधाचा एकमेव मार्ग राहिला नव्हता, आणि रडारपुढे हिरवा काय किंवा पांढरा काय, सारखाच.

शेपटीवरचा हिशेब

काँडोरच्या खुणांपैकी सर्वांत जास्त छायाचित्रं निघाली ती शेपटीच्या सुकाणूची. तिथं छोट्या जहाजांच्या आकृती ओळीनं काढलेल्या असत, सोबत तारखा आणि टनांचे आकडे. या आकृतींना प्रचाराचं मोठं मोल होतं. ऑगस्ट १९४० ते फेब्रुवारी १९४१ या काळात केजी ४० नं ८५ जहाजं, म्हणजे ३,६३,००० टन बुडवल्याचा दावा केला. चर्चिल यांनी काँडोरला अटलांटिकवरची पीडा म्हटलं ते याच काळामुळे.

या आकृती वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली, तिथला ‘टन’ हे वजन नाही. जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे. शंभर घनफूट म्हणजे एक टन. दुसरी आणि महत्त्वाची गोष्ट, शेपटीवर काढलेला आकडा हा दावा असतो. खाली धूर दिसला, जहाज कलताना दिसलं, इंधन संपत आलं म्हणून वैमानिक वळला आणि तळावर येऊन त्यानं ‘बुडालं’ म्हणून नोंद केली, असं अनेकदा घडत असे. युद्धानंतर दोन्ही बाजूंचे कागद समोरासमोर ठेवल्यावर कित्येक आकडे खाली आले.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘एम्प्रेस ऑफ ब्रिटन’चं. २६ ऑक्टोबर १९४० रोजी आयर्लंडच्या पश्चिमेला बेर्नहार्ड योपे यांच्या काँडोरनं या ४२,३४८ टनांच्या प्रवासी जहाजावर बॉम्ब टाकले. जहाज पेटलं, बहुतेक माणसांना उतरवण्यात यश आलं, पण जहाज बुडालं नाही. ते ओढून नेण्याचं काम सुरू असताना २८ ऑक्टोबरला यू-३२ या पाणबुडीनं टॉर्पेडो मारून त्याला तळाशी पाठवलं. मित्रराष्ट्रांनी युद्धात गमावलेलं हे सर्वांत मोठं प्रवासी जहाज. आता हे ४२,३४८ टन कुणाच्या खात्यात घालायचे? आग लावणाऱ्या विमानाच्या की शेवटचा घाव घालणाऱ्या पाणबुडीच्या? शेपटीवरच्या छोट्या आकृतीत या प्रश्नाला जागा नाही.

आकृतींपैकी सगळ्याच फुगवलेल्या होत्या असं मात्र कुणी समजू नये. ९ फेब्रुवारी १९४१ रोजी यू-३७ नं दिलेल्या खबरीवरून पाच काँडोर एचजी ५३ या ताफ्यावर गेले आणि त्यांनी पाच जहाजं बुडवली. २६ फेब्रुवारीला ओबी २९० हा ताफा काँडोरांना बळी पडला. त्यात ‘महानदा’ हे ब्रोकलबँक कंपनीचं जहाज होतं. ही कंपनी कलकत्त्याच्या व्यापारात मुरलेली होती आणि तिच्या जहाजांची नावं अशी भारतीय वळणाची असत.

इथे ही कथा आपल्या किनाऱ्यापर्यंत येते. त्या काळातल्या ब्रिटिश व्यापारी जहाजांवर भारतीय खलाशी हजारोंनी होते. डेकवर रत्नागिरीकडची आणि गुजरातची माणसं, इंजिनाच्या खोलीत सिल्हेटकडची, खानसामे आणि स्वयंपाकी गोव्याचे, अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. युद्धात या भारतीय खलाशांपैकी हजारो मेले. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचं स्मारक आहे. काँडोरच्या शेपटीवर जहाजाचा आकार, तारीख आणि टन दिसतात. इंजिनाच्या खोलीत कोण होतं, हे तिथं दिसत नाही. म्हणून शेपटीवरच्या आकृतीच्या शेजारी स्मारकावरची यादीही वाचायला हवी. दोन्ही मिळूनच त्या दिवसाची नोंद पूर्ण होते.

छायाचित्रं आणि पत्रा

काँडोरच्या रंगांबद्दल आज आपल्याला जे कळतं, त्यातलं पुष्कळसं काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांतून आलेलं आहे, आणि ही छायाचित्रं सहज फसवतात. ७२ आणि ७३ हे रंग करड्या छटेत जवळजवळ एक होऊन जातात, त्यामुळे कोनदार नमुना असूनही विमान एकाच रंगाचं वाटतं. त्या काळातल्या काही फिल्म लाल आणि पिवळ्या रंगांना कमी संवेदनशील होत्या. अशा फिल्मवर पिवळं अक्षर गडद उमटतं आणि तिसऱ्या तुकडीचं विमान भलत्याच तुकडीचं वाटू लागतं. ॲग्फाच्या रंगीत फिल्म होत्या, पण इतक्या वर्षांत त्यांचे रंगच सरकले आहेत. शिवाय समुद्रावर महिनोन्‌महिने उडणाऱ्या विमानाचा रंग खाऱ्या वाऱ्यानं आणि उन्हानं विटतो, इंजिनांच्या धुरानं काळवंडतो, दुरुस्तीच्या वेळी ठिगळासारखा बदलतो. कारखान्यातला ७२ आणि दोन हिवाळे काढलेला ७२ हे एकच रंग नसतात.

म्हणूनच खरा पत्रा हाती लागणं मोलाचं. २२ फेब्रुवारी १९४२ रोजी नॉर्वेत ट्रोनहाइमच्या फ्योर्डमध्ये एक काँडोर पाण्यात उतरला आणि बुडाला. त्याची अक्षरं होती ‘एफ ८ + बी बी’. आता हे वाचणं सोपं आहे: केजी ४०, पहिल्या गटाचं मुख्यालय, आणि विमानाचं स्वतःचं ‘बी’ हिरव्या रंगात. मे १९९९ मध्ये ते वर काढताना सत्तावन्न वर्षं पाण्यात राहिलेला सांगाडा मोडला. तरीही बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयानं ते सोडलं नाही. ब्रेमेनमध्ये, म्हणजे ज्या गावात काँडोर जन्मले तिथेच, सुमारे दोन दशकं ते पुन्हा जुळवण्याचं काम चाललं आणि २०२१ मध्ये ते बर्लिनला आलं. एकूण २७६ काँडोर बांधले गेले. त्यांतला हा एक आज पुन्हा विमानाच्या आकारात उभा आहे.

जुन्या युद्धविमानाचं चित्र समोर आलं की पहिला प्रश्न विचारावा: हा भाग कोण पाहणार होतं? पाठ वरच्या शत्रूसाठी, पोट खालच्या माणसासाठी, क्रूस दोन्ही बाजूंच्या तोफचींसाठी, अक्षरं तळावरच्या सोबत्यांसाठी आणि शेपटी वर्तमानपत्रांसाठी. प्रत्येक भाग आपल्या प्रेक्षकाला ध्यानात ठेवून रंगवलेला आहे, आणि त्या प्रेक्षकाशी तो खरं बोलतो किंवा खोटं. लपवणारा रंग खोटं बोलण्यासाठीच दिलेला असतो आणि आपण ते जाणून असतो. सावध राहायचं ते शेपटीजवळ, कारण तिथला आकडा खरा असल्याचा आव आणतो. कागदपत्रांशी ताडून पाहिल्याशिवाय तो इतिहासात उतरवू नये.